रशियाचा खिसा

निझनी नोव्हगोरोद शहरातून पलीकडच्या बोर गावाला जाणारा रोपवे सकाळी सुरू होतो तेव्हा रांगेत पर्यटक थोडे असतात आणि कामाला निघालेली माणसं जास्त. पाठीला सॅक, हातात डबा, हिवाळ्यात कानापर्यंत ओढलेली टोपी. आठ जणांचा डबा न थांबता सरकत येतो, माणसं चालता चालता आत शिरतात आणि दार मिटतं. जमीन खाली जाते आणि पुढची तेरा-चौदा मिनिटं पायाखाली व्होल्गा आणि तिचं पूरमैदान असतं.

एकूण अंतर ३,६६१ मीटर. त्यात नदीवरचा सलग टप्पा ८६१ मीटरचा, मध्ये एकही खांब नाही. वरून उन्हाळ्यात वाळूची बेटं, पूरमैदानातली तळी आणि गवताळ कुरणं दिसतात. हिवाळ्यात सगळं पांढरं होतं आणि त्यावर काळे ठिपके उमटतात. बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेले ते मासेमार.

हा रोपवे ९ फेब्रुवारी २०१२ ला सुरू झाला तो गैरसोयीवर उपाय म्हणून. बोर समोरच्या काठावर आहे, डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर पुलापर्यंत मोठा वळसा. पूल साठच्या दशकातला, त्यावर तासन्‌तास गाड्यांची रांग. उन्हाळ्यात लाँच चालायच्या, पण नदी गोठू लागली की त्या बंद. ना धड पाणी, ना धड बर्फ अशा दिवसांत तर पलीकडे जाण्याची मोठीच पंचाईत. २०१७ मध्ये शेजारी दुसरा पूल झाला, तरी रोपवेची रांग काही संपली नाही. जोराचा वारा सुटला की मात्र रोपवे बंद ठेवावा लागतो.

‘नदीकाठची शहरं’ हा विषय घेऊन रशियाकडे पाहायचं तर व्होल्गाकाठी नावांची कमतरता नाही. पण निझनीमध्ये नदी पाहायला वेगळं जावं लागत नाही. तिथलं रोजचं जगणंच तिच्यावरून जातं.

दोन नद्या, दोन गावं

व्होल्गा वायव्येकडून येते आणि ओका नैऋत्येकडून. जिथे त्या भेटतात त्या टोकाला ‘स्त्रेल्का’ म्हणतात, म्हणजे बाण. उंचावरून पाहिलं तर पाण्याचे दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतात. आपल्याकडे कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहिलेल्या माणसाला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही, फक्त इथला पसारा फार मोठा. ओका एकटीच सुमारे दीड हजार किलोमीटर लांब आणि व्होल्गा साडेतीन हजार.

ओकेने शहराचे दोन तुकडे केले आहेत. उजवा काठ उंच, चढणींचा, घळींनी चिरलेला. किल्ला, जुनी चर्चं, व्यापाऱ्यांचे वाडे, विद्यापीठं सगळी वर. डावा काठ तळहातासारखा सपाट. तिथे जत्रेचं मैदान, रेल्वे स्टेशन, मोटारीचा कारखाना, जहाजांचा कारखाना आणि कामगारांच्या वसाहती. आधी ‘वरचं’ गाव झालं आणि ‘खालचं’ नंतर वाढलं. मेट्रो १९८५ मध्ये सुरू झाली ती खालच्या, कारखान्यांच्या बाजूला. ओका ओलांडून ती वर यायला २०१२ साल उजाडलं. २७ वर्षं या शहराची मेट्रो नदीच्या एकाच काठावर धावत होती.

शहर वसवलं १२२१ मध्ये, व्लादिमीरचा राजपुत्र यूरी व्सेवोलोदोविच याने. दोन नद्यांच्या नाक्यावर चौकी हवी हा साधा लष्करी हिशेब. लाल विटांचा आजचा क्रेमलिन सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पूर्वेला कझानची खानशाही होती, तिच्या तोंडावर हा किल्ला. बांधकामावर पिएत्रो नावाचा एक इटालियन स्थपती होता, रशियन लोक त्याला प्योत्र फ्र्याझिन म्हणत. सुमारे दोन किलोमीटरचा तट डोंगराच्या कडेने पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरतो. एका दरवाजात उभं राहिलं तर समोरचा बुरूज कितीतरी खाली दिसतो. बुरूज तेरा. त्यांपैकी झाचात्स्काया बुरूज दरड घसरून नाहीसा झाला होता, तो २०१२ मध्ये पुन्हा उभारला. त्यानंतर शहराच्या ८०० व्या वर्षी तटाची पूर्ण फेरी चालत मारता येऊ लागली.

याच किल्ल्याखालच्या बाजारात १६११ च्या शरद ऋतूत कुझ्मा मिनिन नावाचा मांसाचा व्यापारी उठून उभा राहिला. मॉस्को पोलिश फौजेच्या ताब्यात होतं, गादीवर राजा नव्हता. मिनिनने गावकऱ्यांकडून पैसा गोळा केला आणि फौज उभी केली. राजपुत्र पोझार्स्की तिचा सेनापती झाला. पुढच्या वर्षी मॉस्को सुटलं. मॉस्कोच्या लाल चौकातला दोघांचा पुतळा मुळात निझनीसाठी योजलेला होता, तो १८१८ मध्ये तिकडे बसला. निझनीला त्याची जरा लहान प्रतिकृती मिळाली ती २००५ मध्ये.

चौलच्या आधीचे दोन आठवडे

पंधराव्या शतकात त्वेरचा एक व्यापारी व्होल्गेने खाली जायला निघाला. अफनासी निकितीन. मराठी वाचकाने त्याचं नाव बहुधा चौल आणि जुन्नरच्या संदर्भात ऐकलेलं असतं. पण त्याच्या प्रवासात निझनी नोव्हगोरोदचा मुक्काम आहे आणि तो महत्त्वाचा आहे. शिरवानच्या शाहाचा वकील हसनबेग मॉस्कोहून परतत होता. मॉस्कोच्या राजाने भेट दिलेले ९० शिकारी ससाणे त्याच्यासोबत होते. वकिलाच्या काफिल्याबरोबर गेलं तर लूटमारीची भीती कमी, म्हणून निकितीन त्याची वाट पाहत निझनीत दोन आठवडे थांबला.

एवढी काळजी घेऊनही अस्त्राखानजवळ तातारांनी लुटलंच. माल गेला. रिकाम्या हाताने घरी परतलं तर कर्ज फेडायचं कशातून? म्हणून तो पुढे पुढे जात राहिला. दर्बंद, बाकू, इराण, होर्मुझ आणि मग एक घोडा घेऊन जहाजाने चौल. तिथून पाली आणि घाट चढून जुन्नर. पावसाळा त्याने जुन्नरला काढला. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडाही देतो, वर हजार मोहरा देतो, असं सांगितलं. एका खुरासानी मुसलमानाच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला आणि धर्मही राहिला. वास्को द गामा कालिकतला उतरायच्या पंचवीसेक वर्षं आधीची ही हकिगत. रेवदंड्याला शाळेच्या आवारात निकितीनचं स्मारक आहे. तिथून अलिबागकडे जाणाऱ्या माणसाने कधी थांबून ते पाहावं. ज्या प्रवासाची ती खूण आहे, त्यातले दोन आठवडे ओका आणि व्होल्गेच्या संगमावर कुणाची तरी वाट बघण्यात गेले.

जत्रा

रशियात म्हण होती की पीटर्सबर्ग हे देशाचं डोकं, मॉस्को हृदय आणि निझनी खिसा. त्या खिशात पैसा आला जत्रेमुळे.

जत्रा मूळची इथली नव्हे. ती व्होल्गेच्या खालच्या अंगाला मकार्येव मठापाशी भरायची. १८१६ मध्ये तिथे आग लागून सगळं खाक झालं आणि १८१७ पासून जत्रा निझनीच्या सपाट काठावर आली. बांधकाम अगुस्तीन दे बेतान्कूर या स्पॅनिश इंजिनिअरकडे होतं. वसंतात बर्फ वितळलं की ओका तो काठ बुडवते, म्हणून त्याने आधी भराव घालून जमीन उंच केली आणि मग दुकानांच्या रांगा बांधल्या. जमिनीखाली दगडी गटारं नेली, ती पाणी सोडून धुतली जात. आगीच्या धास्तीने दुकानांच्या रांगांत तंबाखू ओढायला बंदी होती.

जुलैच्या मध्यावर निशाण चढलं की जत्रा सुरू. कयाख्तामार्गे आलेला चिनी चहा, उरलचं लोखंड, सैबेरियाची फर, बुखाऱ्याचा कापूस, इराणचा सुकामेवा, अस्त्राखानचे खारवलेले मासे. पण खरी उलाढाल दिसणाऱ्या मालापेक्षा कागदावर मोठी होती. देशभरातल्या हुंड्यांवर मुदत लिहिली जायची ‘निझनीच्या जत्रेला देय’ अशी. वर्षभर उधारीवर चाललेला व्यापार त्या काही आठवड्यांत चुकता व्हायचा आणि पुढच्या वर्षाचे भाव तिथेच ठरायचे. ज्याने जत्रेत हुंडी सोडवली नाही त्याची पत गेली. आपल्या सराफी पेढ्यांचे व्यवहार ऐकत वाढलेल्या माणसाला यातलं मर्म सांगावं लागत नाही.

माल आणायचा तो नदीने. वाफेची जहाजं येण्याआधी प्रवाहाविरुद्ध बार्जा ओढायची ती माणसं. त्यांना ‘बुर्लाक’ म्हणत. छातीवर चामड्याचा पट्टा, पट्ट्याला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला धान्याने भरलेलं जहाज. वसंतात ही माणसं निझनीच्या काठावर टोळीने उभी राहत आणि हंगामाची मजुरी ठरवून पट्टा अंगावर चढवत. जत्रेच्या श्रीमंतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. काठाकाठाने पाय रोवत चाललेल्या या माणसांवाचून ती श्रीमंती धक्क्याला लागली नसती.

१८९६ मध्ये जत्रेशेजारी अखिल रशियाचं औद्योगिक प्रदर्शन भरलं आणि त्यासाठी शहराने कात टाकली. विजेची ट्राम आली, टेकडी चढायला दोन फ्युनिक्युलर आल्या. प्रदर्शनात रशियातली पहिली पेट्रोल मोटार होती. आणि होता व्लादिमीर शुखोव्हचा पाण्याच्या टाकीचा मनोरा. दोन कड्यांमध्ये सरळ लोखंडी पट्ट्या तिरक्या लावायच्या, एक जुडी डावीकडे कललेली, दुसरी उजवीकडे. पट्टी एकही वाकवायची नाही आणि तरी मनोरा डमरूसारखा कमरेत बारीक होतो. वजन कमी, वाऱ्याला अडथळा कमी, लोखंड थोडं. जगातला तो अशा जातीचा पहिला मनोरा. १९२९ मध्ये शुखोव्हने ओकेवरून विजेच्या तारा नेण्यासाठी असेच १२८ मीटरचे दोन मनोरे उभे केले. त्यातला एक भंगारासाठी कापला गेला, २००५ मध्ये. दुसरा झेर्झिन्स्कजवळ ओकेच्या काठी एकटा उभा आहे. त्याच्या आत उभं राहून वर पाहिलं की आभाळाचे जाळीदार तुकडे दिसतात आणि एवढ्या नाजूक गोष्टीवर कुणी गॅसकटर चालवू शकलं, या विचाराने जीव हळहळतो.

कडू नावाचा मुलगा

त्या प्रदर्शनाची वार्तापत्रं लिहिणाऱ्यांत २८ वर्षांचा एक स्थानिक तरुण होता. अलेक्सेई पेश्कोव्ह. लेखनासाठी त्याने नाव घेतलं होतं मॅक्झिम गॉर्की. ‘गॉर्की’ म्हणजे कडू.

त्याच्या आजोबांचं, काशिरिन यांचं लाकडी घर वरच्या आणि खालच्या गावामधल्या उतारावर आजही आहे. १९३८ पासून तिथे संग्रहालय आहे. घर बुटकं, खोल्या लहान, छत हाताला लागेल असं. आजोबांचा कापड रंगवण्याचा धंदा होता. त्याआधी तरुणपणी त्यांनीही बुर्लाक म्हणून व्होल्गाकाठी बार्जा ओढल्या होत्या. स्वयंपाकघरात एक बाक आहे. शनिवारी नातवंडांना त्या बाकावर पालथं घालून फोकांनी मारलं जाई. गॉर्कीचं ‘बालपण’ हे पुस्तक वाचलेला माणूस त्या बाकापाशी आला की आपोआप गप्प होतो. आणि शेजारीच आजीची जागा आहे, जिच्या गोष्टींनी त्या पोराला जगवलं.

पुढे हाच पोरगा व्होल्गेवरच्या बोटीत भांडी घासायला राहिला. तिथल्या स्मुरी नावाच्या आचाऱ्याने त्याच्या हाती पुस्तकं दिली. ‘आई’ ही कादंबरीही या शहरातूनच आली. सोर्मोवोच्या कारखान्यातल्या कामगारांनी १९०२ मध्ये काढलेला मे दिनाचा मोर्चा, हाती झेंडा घेतलेला प्योत्र झालोमोव्ह आणि त्याची आई, या खऱ्या घटनेतून.

मराठीत ही कादंबरी कामगार वस्त्यांपर्यंत पोचली. वाटेगावातून मुंबईला आलेल्या, गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठ्यांना लोक महाराष्ट्राचे मॅक्झिम गॉर्की म्हणू लागले. अण्णा भाऊ १९६१ मध्ये रशियाला गेले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्या वर्षी गॉर्कीचं गाव परदेशी माणसाला बंद होतं.

हरणाची मोटार, पंखांची बोट

बंद का, हे कळायला खालच्या गावात जावं लागतं.

जत्रा १९२९-३० च्या सुमारास कायमची उठली. तेव्हाच, ३१ मे १९२९ ला, सोव्हिएत सरकारने अमेरिकेत फोर्ड कंपनीशी करार केला. ओकेच्या काठावरच्या दलदलीत दोन वर्षांत मोटारीचा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९३२ मध्ये पहिला ट्रक बाहेर पडला. दीड टन माल वाहणारा, म्हणून लोकांनी त्याला नाव दिलं ‘पोलुतोर्का’, म्हणजे दीडटनी. वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडला गोठलेल्या लादोगा सरोवरावरून पीठ पोचवलं ते याच ट्रकांनी. कारखान्यात सुरुवातीला अमेरिकन कामगारही होते. पुढे अमेरिकेतल्या मोटार कामगारांचा मोठा नेता झालेला वॉल्टर रॉयथर भावासह इथे काम करून गेला. जे मागे राहिले त्यांतल्या काहींना स्तालिनच्या दमनसत्राने गिळलं.

१९४३ च्या जूनमध्ये जर्मन विमानांनी या कारखान्यावर रात्रीमागून रात्री बाँब टाकले. छपरं उडाली, असेम्ब्ली लाइन जळाली. सुमारे शंभर दिवसांत तो पुन्हा उभा केला गेला. युद्धानंतर आली ‘व्होल्गा’ मोटार. तिच्या बॉनेटवर उडी घेणारं हरीण असे, कारण शहराच्या राजचिन्हातच हरीण आहे. १९९४ पासूनची ‘गझेल’ ही छोटी व्हॅन म्हणजे रशियातली वडापच. स्टेशनापासून वस्तीपर्यंत, हात दाखवा आणि बसा.

सोर्मोवोचा जहाज कारखाना १८४९ चा. तिथे बोटी झाल्या, रेल्वे इंजिनं झाली, युद्धात टी-३४ रणगाडे झाले, मग पाणबुड्या. भारतीय नौदलाने १९८८ मध्ये भाड्याने घेतलेली पहिली अणुपाणबुडी ‘चक्र’ हीच मुळात सोर्मोवोची. समुद्रापासून इतक्या आत, गोड्या पाण्याच्या काठी बांधून ती नदीवाटे नेलेली. आणि इथल्या विमान कारखान्याचं नाशिकशी नातं आहे. मिग-२१ चं ‘बायसन’ हे सुधारित रूप ज्या दोन विमानांवर प्रथम उतरवलं, ती निझनीतल्या ‘सोकोल’ कारखान्यात तयार झाली. बाकीची ओझरच्या एचएएलमध्ये.

पण या शहराची सगळ्यात देखणी करामत शांततेच्या कामाची होती. रोस्तिस्लाव अलेक्सेयेव्ह या जहाज अभियंत्याने बोटीच्या पोटाखाली पंख बसवले. वेग वाढला की पंख बोटीला उचलतात, पोट पाण्याबाहेर येतं आणि पाण्याचा अडथळा एकदम घटतो. पंख पृष्ठभागाजवळ आला की त्याची उचल आपोआप कमी होते, म्हणून बोट फार वर जात नाही आणि डगमगतही नाही. उथळ नदीसाठी हीच युक्ती हवी होती. १९५७ च्या उन्हाळ्यात त्याची ‘राकेता’ इथून कझानला गेली. ४२० किलोमीटर, सात तासांत. २०२१ पासून ‘वल्दाई’ नावाच्या नव्या पंखबोटी पुन्हा गोरोदेत्स आणि मकार्येवला जाऊ लागल्या आहेत.

टेलिफोन

१९५९ पासून १९९१ पर्यंत या शहरात परदेशी माणसाला प्रवेश नव्हता. ज्या गावाचं पोट शेकडो वर्षं परक्या व्यापाऱ्यांवर भरलं, त्याचीच दारं लावून घेतली गेली. १९३२ मध्ये गावाचं नावही बदलून ‘गॉर्की’ केलं होतं.

शहर असं बंद होतं म्हणूनच आंद्रेई साखारोव्हला इथे आणलं. हायड्रोजन बाँब बनवणाऱ्यांपैकी एक, पुढे मानवी हक्कांसाठी उभा राहिलेला, १९७५ चा शांततेचा नोबेल मिळालेला. अफगाणिस्तानातल्या युद्धाविरुद्ध बोलल्यावर जानेवारी १९८० मध्ये त्याला खटल्याशिवाय या बंद गावात ठेवलं. गागारिन रस्त्यावरची साधी बहुमजली इमारत, तळमजल्यावरचा फ्लॅट, दाराशी चोवीस तास पोलीस. त्याची हस्तलिखितं ठेवलेली पिशवीसुद्धा चोरली गेली. घरात फोन नव्हता.

१५ डिसेंबर १९८६ च्या रात्री अचानक माणसं आली आणि फोन बसवून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वाजला. पलीकडे मिखाईल गोर्बाचेव्ह होते. मॉस्कोला परत या, असा तो निरोप. १९९१ पासून या फ्लॅटमध्ये संग्रहालय आहे. तिथे जायचं ते पुतळे किंवा पदकं पाहायला नव्हे. साधं टेबल, साधी खुर्ची, आणि तो फोन.

भिंतीआडचं लोखंड

आज निझनीला येणारा माणूस बहुधा बल्शाया पक्रोव्स्काया या पादचारी रस्त्यावरून क्रेमलिनपर्यंत चालतो आणि मग च्कालोव्ह जिन्याशी येऊन थांबतो. आठाच्या आकड्यासारखा हा जिना व्होल्गेपर्यंत उतरतो. दोन्ही बाजूंच्या मिळून ५६० पायऱ्या. वर वैमानिक वालेरी च्कालोव्ह हातमोजा चढवत उभा आहे. १९३७ मध्ये उत्तर ध्रुवावरून न थांबता अमेरिकेला गेलेला, याच प्रांतातला. संध्याकाळी पायऱ्यांवर जोडपी, शाळकरी पोरं, बाबागाडी खांद्यावर घेऊन चढणारे बाप. सूर्य ओकेपलीकडे मावळतो.

संगमाच्या टोकावर, बाणावर, कालपरवापर्यंत मालधक्का होता. क्रेन, गंज, कुंपण. धक्का हलवला, गोदामांच्या भिंती पाडायला सुरुवात झाली तेव्हा आत जुन्या लोखंडाची नाजूक कमानदार जाळी सापडली. १८८२ च्या मॉस्कोतल्या प्रदर्शनासाठी घडवलेले मंडप १८९६ ला इथे आणले होते आणि नंतर त्यांचीच गोदामं केली होती. सगळे ते विसरून गेले होते. २०२१ मध्ये त्यातल्या एकात काचेच्या भिंतींचं संगीत सभागृह सुरू झालं. गाणं चालू असताना वाद्यवृंदामागून नदी दिसते.

कारखान्यांची स्थिती मात्र बदलती. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर मोटार कारखान्यातली फोक्सवागेन आणि स्कोडाची जुळणी थांबली.

आणि नदी? तीही पूर्वीची नाही. शहराच्या वर गोरोदेत्सला धरण, खाली चेबोक्सारीला धरण. खालचा जलाशय ठरल्या पातळीपर्यंत कधी भरलाच नाही, कारण तो भरला तर काठची गावं आणि शेतं बुडतात. त्यामुळे दोन धरणांच्या मधला, गोरोदेत्सपासून निझनीपर्यंतचा पट्टा उथळ राहिला आहे. मोठी जहाजं तिथून दिवसातले काही तासच जाऊ शकतात. वरच्या वीजकेंद्राने पाणी सोडलं की लाट खाली येते, पातळी चढते, तेवढ्यात निघायचं. त्या वेळेची वाट पाहत मालवाहू जहाजं आणि पर्यटकांच्या उंच पांढऱ्या बोटी लॉकगेटच्या आगेमागे नांगर टाकून उभ्या असतात. पाणी सुटल्याची वर्दी येते, नांगर वर ओढले जातात आणि एकेक जहाज सावकाश निझनीकडे निघतं.